समावेशन शिकायचं कुठे? छात्रशिक्षकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

छात्रशिक्षकांच्या नव्या तुकडीला अपंग व्यक्तींसोबतच्या कामाची माहिती दिली की सभागृहात एकच प्रश्न येतो: हजेरी किती लागते? खरे प्रश्न नंतर येतात, जिन्यात गाठून, आवाज खाली आणून विचारलेले. बरीच वर्षं त्यांची उत्तरंही मी जिन्यातच दिली. आता ती इथे लिहून ठेवतो आहे. काही उत्तरं लांबली आहेत, काही चार ओळींत आटोपली.

ही समाजसेवाच ना?

नाही, आणि हा गैरसमज पहिल्या दिवशीच मोडलेला बरा. सेवेत देणारा कोण आणि घेणारा कोण हे आधीच ठरलेलं असतं. इथे तुम्ही शिकाऊ आहात. शाळेत, रस्त्यावर, कचेरीत आपली वाट नेमकी कुठे अडते आणि ती आपण कशी काढतो, हे समोरच्या माणसाला तुमच्याहून कितीतरी जास्त कळतं. ते त्याच्याकडून शिकायला तुम्ही जाताय.

कामाचं स्वरूप साधं असतं. अपंग व्यक्ती आपल्या आवडीने किंवा गरजेने जिथे जमतात अशा एखाद्या गटात तुम्ही जाता: नाटकाचा गट, वाद्यवृंद, बुद्धिबळ मंडळ, बागकामाचा गट, स्वमदत गट, ध्वनिपुस्तकं तयार करणारं वाचनालय. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, निदान एक शैक्षणिक सत्रभर. तिथे जे काम चालतं ते त्यांच्या बरोबरीने करता आणि परत येऊन त्यावर लिहिता, बोलता, वाद घालता. यातलं शेवटचं गळलं की उरते ती सहल.

हे व्याख्यानातून शिकवता येत नाही का?

माहिती देता येते, सवय मोडता येत नाही. ब्रेलच्या एका घरात ६ टिंबं असतात हे व्याख्यानात कळतं. पण फळ्यावर लिहिता लिहिता "आता हे असं झालं, मग हे इकडे आलं" असं बोलण्याची आपली खोड किती मुरलेली आहे, हे एखाद्या अंध माणसाने "हे म्हणजे काय? इकडे म्हणजे कुठे?" असं दोनदा विचारल्याशिवाय ध्यानात येत नाही.

मात्र नुसती गाठ घालून दिली की पूर्वग्रह विरघळतो, असंही नाही. गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये त्यासाठी चार अटी मांडल्या. दोन्ही बाजूंचा दर्जा समान हवा, उद्दिष्ट एकच हवं, ते गाठायला एकमेकांची गरज पडायला हवी आणि संस्थेचा या सगळ्याला उघड पाठिंबा हवा. पुढे थॉमस पेटिग्र्यू आणि लिंडा ट्रॉप यांनी ५०० हून अधिक अभ्यास एकत्र तपासले आणि २००६ मध्ये दाखवून दिलं की संपर्काने पूर्वग्रह सहसा कमी होतो. या अटी पाळल्या तर जास्त कमी होतो. आता वर्षातून एकदा जाऊन भेटवस्तू वाटून येण्याचा कार्यक्रम या अटींना लावून पाहा. दर्जा समान नाही, उद्दिष्ट एक नाही, एकमेकांची गरज तर नाहीच. अशा भेटीला छात्रशिक्षक मनात जे घेऊन जातो तेच आणखी घट्ट करून परततो. म्हणून आम्ही वाटपाच्या कार्यक्रमांना नाही म्हणतो आणि त्यापायी थोडा वाईटपणाही घेतो.

मी तर लहान मुलांना शिकवणार. मग प्रौढांच्या गटात कशाला?

माझ्या मते सर्वांत जास्त दुर्लक्ष याच मुद्द्याकडे होतं. तुमची शिकवण्याची पद्धत आपल्याला छळते आहे हे आठ वर्षांचं मूल सांगू शकत नाही. ते गप्प बसतं, नाहीतर खोड्या काढतं. मोठा माणूस मात्र सांगतो, आणि तपशिलाने सांगतो.

वाचनालयातल्या एका गटात पन्नाशीच्या एक बाई होत्या. अल्पदृष्टी. आमच्या दोघीजणी त्यांच्यासोबत ध्वनिमुद्रणाचं काम करायच्या. एक दिवस चहा घेता घेता शाळेचा विषय निघाला. बाई म्हणाल्या, "मला दरवर्षी पहिल्या बाकावर बसवायचे. सगळ्यांना वाटायचं, हिला जवळून दिसेल. पण बाजूच्या खिडकीतला उजेड फळ्यावर पडायचा. पहिल्या बाकावरून फळा नुसता चकाकायचा. दोन बाकं मागे, भिंतीकडच्या बाजूला बसवलं असतं तर वाचता आलं असतं. दहा वर्षं पहिल्या बाकावर काढली मी. कुणी विचारलंच नाही."

त्याच आठवड्यात त्या दोघींपैकी एकीचा सराव पाठ होता. ती वर्गात गेली ती थेट खिडकीकडे. पडदा ओढला. मग मुलं यायच्या आत चार वेगवेगळ्या बाकांवर बसून फळा पाहिला. पाठ टाचणात यातलं काही लिहिलेलं नव्हतं. निरीक्षकांच्या तक्त्यात त्यासाठी रकानाही नव्हता, त्यामुळे गुणही मिळाले नाहीत.

दुसरं कारण अपेक्षांचं. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात एड रॉबर्ट्स यांना १९५३ मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी पोलिओ झाला आणि मानेखालचं जवळजवळ सगळं शरीर लुळं पडलं. शालेय शिक्षण संपत आलं तेव्हा प्रमाणपत्र अडवलं गेलं, कारण काय, तर वाहन चालवण्याचा आणि शारीरिक शिक्षणाचा अभ्यासक्रम त्यांनी पुरा केला नव्हता! आईने भांडून ते मिळवलं. पुढे विद्यापीठाच्या शिक्षणासाठी मदत मागितली तर पुनर्वसन खात्याकडून ऐकावं लागलं की तुमचं अपंगत्व इतकं तीव्र आहे की तुम्ही कधी नोकरी करू शकणार नाही. १९७५ मध्ये रॉबर्ट्स त्याच राज्याच्या पुनर्वसन खात्याचे संचालक झाले. नोकरी करणारा, संसार करणारा, कुणावर तरी चिडणारा, टवाळी करणारा अपंग माणूस ज्या शिक्षकाने कधी जवळून पाहिलेलाच नाही, तो वर्गातल्या अपंग मुलाचं पुढचं आयुष्य डोळ्यांसमोर आणणार कसं? न आणता आलं की मग अभ्यास कमी दिला जातो, तोही प्रेमाने.

त्यासाठी विशेष शिक्षक असतात ना?

असतात. ते ब्रेल शिकवतील, सांकेतिक भाषा शिकवतील, तुम्हाला सल्लाही देतील. मूल मात्र तुमच्या हजेरीपटावर असेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालाप्रमाणे जगातल्या सुमारे १३० कोटी लोकांना, म्हणजे दर सहा जणांत एकाला, लक्षणीय अपंगत्व आहे. स्पेनमधल्या सलामांका इथे १९९४ मध्ये ९२ देशांच्या सरकारांनी आणि २५ आंतरराष्ट्रीय संघटनांनी मान्य केलं की सर्वसाधारण शाळेनेच सगळ्या मुलांना सामावून घ्यायचं. तेव्हा "माझ्या वर्गात असं मूल आलं तर" यातला "तर" काढून टाका.

कोणता शब्द वापरायचा? अपंग, विकलांग की दिव्यांग?

व्यक्तीला नावाने हाक मारा, म्हणजे नव्वद टक्के प्रसंगांत हा प्रश्नच उरत नाही. शब्द लागलाच तर ती व्यक्ती स्वतःसाठी जो वापरते तो घ्या. "दिव्यांग" काहींना आदराचा वाटतो. काहींना तो चिडवल्यासारखा वाटतो: "अंगात दिव्य काही नाही, उतार बांधा म्हणजे झालं." मी इथे "अपंग" लिहितो कारण ज्यांच्याबरोबर मी काम केलं त्यातले बहुतेक जण तोच वापरतात. "मूकबधिर" मात्र टाळा. ऐकू न येणारा माणूस मुका नसतो, त्याच्याकडे भाषा असते. ही भाषा आहे हे मान्य करायलाच शिक्षणक्षेत्राने फार वेळ लावला. १८८० मध्ये मिलान इथे भरलेल्या शिक्षकांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने कर्णबधिर मुलांना फक्त तोंडी बोलूनच शिकवावं असा ठराव केला आणि सांकेतिक भाषा अनेक देशांच्या वर्गांतून हद्दपार झाली. खुणांच्या भाषेलाही स्वतःची रचना असते हे विल्यम स्टोकी यांनी १९६० मध्ये अमेरिकी सांकेतिक भाषेचा अभ्यास करून दाखवलं. मिलानच्या ठरावांबद्दल अशाच परिषदेने खेद व्यक्त केला तो २०१० मध्ये, व्हँकुव्हरला. एकशेतीस वर्षांनी.

आपल्या म्हणींचा आणि वाक्प्रचारांचा पेटाराही या बाबतीत फारसा बरा नाही. आंधळा कारभार, लंगडी सबब, बहिऱ्याचं सोंग. तोंडातून निघून जातं. आमचा एक मुलगा उशिरा आला आणि कुबड्या घेऊन चालणाऱ्या गटप्रमुखांना म्हणाला, "सर, लंगडी सबब सांगत नाही, खरंच गाडी चुकली." मग त्याचा चेहरा उतरला. सर म्हणाले, "माझ्या सबबी धडधाकट असतात हो, लंगडतो मी." सगळे हसले, तोही हसला, आणि काम सुरू झालं. असं झालं तर "माफ करा" म्हणा आणि पुढे चला. दहा मिनिटं माफी मागत बसलात तर समोरच्यालाच तुमची समजूत काढावी लागते.

मदत करायची की नाही?

विचारा. उत्तर येईपर्यंत थांबा. उत्तर "नको" आलं तर ते खरं माना.

पांढरी काठी घेतलेल्या माणसाचा दंड धरून त्याला ओढायचं नाही, "सोबत येऊ का?" विचारायचं आणि हो म्हणाला तर आपलं कोपर पुढे करायचं. ते धरून तो अर्धं पाऊल मागे चालतो आणि तुमच्या चालण्यावरून पायरी, वळण त्याला कळतं. व्हीलचेअर हे बसलेल्याच्या अंगाचाच भाग समजा. तिला टेकायचं नाही, तिच्यावर पिशवी अडकवायची नाही, न विचारता ढकलायची तर नाहीच. सोबत दुभाषी किंवा मदतनीस असला तरी बोलायचं ते त्या व्यक्तीशी, तिच्याकडे पाहून. "यांना पाणी हवंय का?" हा प्रश्न मदतनिसाला विचारणारे छात्रशिक्षक दर वर्षी असतात. पालकसभेत मुलाला बाजूला उभं करून "हा घरी अभ्यास करतो का?" असं आईला विचारणारे शिक्षकही यांच्यातूनच घडतात, असा माझा संशय आहे.

समोरच्याचं बोलणं कळलं नाही तर? मान डोलावून वेळ मारून नेऊ का?

मुळीच नको. "कळलं नाही, पुन्हा सांगाल का?" यात अपमान नाही. कळल्याचं नाटक करण्यात आहे, आणि ते पकडलं जातं.

नाटकाच्या गटातला एक प्रसंग सांगतो. सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या इजेमुळे हालचालींवर, कधी बोलण्यावरही ताबा राहत नाही ती अवस्था) असलेला तिशीतला एक तरुण. मांडीवर अक्षरफळी: पुठ्ठ्यावर बाराखडी, मात्रा वेगळ्या, वर प्लॅस्टिकचं आवरण. तो बोटाने एकेक अक्षर दाखवतो आणि समोरच्याने ते जुळवून वाचायचं. नवं नाटक बसवायचं होतं. आमच्या मुलीने विचारलं, "तुम्हाला कोणतं काम करायला आवडेल?" त्याचं बोट र वर गेलं, मग मान वळवून, खांदा सावरून, काना. "राजा!" ती म्हणाली. त्याने मान हलवली, नाही. पुन्हा र, पुन्हा काना. "राणी? म्हणजे राणीची गोष्ट?" नाही. तिसऱ्यांदा ती "रात्र" म्हणाली. त्याने बोट उचललं, फळीच्या दुसऱ्या टोकाला नेलं. थ. काना. अनुस्वार. ब.

थांब.

गट हसून लोळला. ती लाजली, पण मग हात मांडीवर ठेवून खरोखरच थांबली. मी घड्याळाकडे पाहत होतो. दीड मिनिट लागलं. वाक्य होतं: "राक्षस मी होणार." आणि झाला. असा राक्षस मी त्याआधी पाहिला नव्हता.

आता हे वर्गाशी जोडून पाहा. मेरी बड रो या संशोधिकेने १९७० च्या दशकात शिक्षकांच्या तासांचं ध्वनिमुद्रण तपासलं तेव्हा आढळलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदसुद्धा जेमतेम थांबतात. तेच तीन सेकंद थांबले तर उत्तरं लांब होतात, जास्त मुलं बोलू लागतात आणि "माहीत नाही" म्हणणारे कमी होतात. हा अभ्यास त्या मुलीने परीक्षेसाठी पाठ केलेला होता, पाच गुणांची टीप म्हणून. सराव पाठात तरीही ती प्रश्न विचारून स्वतःच उत्तर देत असे. त्या अक्षरफळीनंतर तिने टाचणाच्या समासात प्रत्येक प्रश्नापुढे एक अक्षर लिहायला सुरुवात केली: थ.

डोळ्यांना पट्टी बांधून किंवा व्हीलचेअरवर बसून तासभर अनुभव घेतला तर?

हा उपक्रम लोकप्रिय आहे, फोटोही छान येतात. पण तो करू नका. तासभर पट्टी बांधून चालणाऱ्याला अंध असण्याचा अनुभव येत नाही. नुकतंच, तयारीशिवाय, अचानक दिसेनासं झाल्याचा येतो. धडपडणं, घाबरणं, चिडणं. पट्टी सोडल्यावर तो म्हणतो, "बाप रे, हे लोक जगतात तरी कसे!" स्वतः अंध असलेल्या एरियल सिल्व्हरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये नेमकं हेच तपासलं: अंधत्वाचं सोंग घेतल्यानंतर लोक अंध व्यक्तींना काम करायला आणि स्वतंत्र राहायला आणखी कमी सक्षम समजू लागले. शिक्षकाच्या मनात हे बसलं तर निस्तरणार कोण?

त्याऐवजी एखाद्या व्यक्तीबरोबर तिच्या रोजच्या कामाला जा, तिची परवानगी घेऊन. ती बसमध्ये कशी चढते, कोणता रस्ता टाळते, फोनमधला, पडद्यावरचं वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर किती भन्नाट वेगाने ऐकते, कुठे कुणाला दरडावते. एकदा आमचा एक जण असा गेला आणि परतल्यावर रोजनिशीत त्याने अपंगत्वाबद्दल एक ओळही लिहिली नाही. अडीच पानं पदपथावर लावलेल्या दुचाक्यांवर लिहिली. १९७० च्या दशकात ब्रिटनमधल्या अपंग कार्यकर्त्यांनी मांडलेला आणि माइक ऑलिव्हर यांनी १९८३ मध्ये 'सामाजिक प्रतिमान' असं नाव दिलेला विचार हाच आहे: माणसाच्या शरीरातली उणीव एक गोष्ट, आणि समाजाने उभे केलेले अडथळे ही दुसरी. त्या मुलाला तो नाव न कळताच कळला होता.

मला दया येते. भीतीही वाटते. मग मी अपात्र आहे का?

नाही. पहिले तीन आठवडे अवघडल्यासारखं वाटणं अगदी साधारण आहे. लाळ पुसायची की नाही, कुणी ओरडलं तर काय करायचं, बोललेलं कळलं नाही तर काय. हे आमच्याशी बोला, गटात बोला, फक्त त्या व्यक्तीच्या तोंडावर उतवू नका. दया आपोआप जाते, आणि ती जाण्याची खूण मजेशीर असते: एक दिवस तुम्हाला त्यांच्यातल्या कुणाचा तरी राग येतो. उशिरा येतो म्हणून, बुद्धिबळात खेळी मागे घेतो म्हणून. तो राग रोजनिशीत जरूर लिहा.

फोटो काढून समाजमाध्यमांवर टाकले तर चालतील?

त्या व्यक्तीला विचारून, कुठे टाकणार ते सांगून, तिला दाखवून. पालकाला किंवा संस्थेला विचारलं म्हणजे त्या व्यक्तीला विचारलं असं होत नाही. आणि फोटोखाली "प्रेरणा" हा शब्द येणार असेल तर फोटोच नको.

रोजनिशीत काय लिहायचं?

जे दिसलं ते, आणि स्वतः काय केलं ते. बहुतेक रोजनिश्या पहिल्या महिन्यात अशा असतात: "आज खूप छान अनुभव आला. त्यांची जिद्द पाहून डोळ्यांत पाणी आलं. आपण किती भाग्यवान आहोत हे जाणवलं." यावर मी लाल पेनाने एकच प्रश्न लिहितो: नक्की काय झालं?

त्याच हातची दोन महिन्यांनंतरची नोंद: "आज सूचना द्यायची पाळी माझी. एका दमात चार सूचना दिल्या: कुंड्या आणा, माती चाळा, खत मिसळा, नावाच्या पट्ट्या लावा. दोघे जण पहिल्या सूचनेनंतर थांबले. मी तेच पुन्हा मोठ्याने सांगितलं. काही फरक नाही. मग गटातल्या ताईंनी चारही वस्तू टेबलावर ओळीने मांडल्या. दोघे कामाला लागले. मी आवाज का वाढवला? त्यांना ऐकू येत होतं." शेवटच्या दोन वाक्यांसाठी हे सगळे तास ठेवले आहेत. डोनाल्ड शॉन यांनी १९८३ मध्ये व्यावसायिक लोक काम करता करता विचार कसा करतात यावर लिहिलं होतं. ते समजायला ही नोंद पुरते.

व्यक्तीचं नाव, आजार, घरची परिस्थिती यातलं काहीही रोजनिशीत नको. तुमच्याबद्दल कुणी लिहिलेलं तुम्हाला वाचायला दिलं तर चालेल, अशा बेताने लिहा.

गटातल्या लोकांना यातून काय मिळतं? आपण त्यांना वापरत तर नाही?

हा प्रश्न फार कमी जण विचारतात. जो विचारतो त्याचं माझ्या मनात नाव राहतं. धोका खरा आहे. दर सत्राला नवे चेहरे, तेच प्रश्न, "तुम्हाला असं कधीपासून?" आणि सत्र संपलं की गायब. "आमच्याशिवाय आमच्याबद्दल काही नको" ही अपंग चळवळीची घोषणा इथेही लागू आहे. त्यामुळे कामाचं वेळापत्रक गट ठरवतो, आम्ही नाही. तुमच्या तोंडओळखीचं सत्र अपंग प्रशिक्षक घेतात आणि त्यांना इतर पाहुण्या वक्त्यांइतकंच मानधन मिळतं. सत्राच्या शेवटी गटातले लोक तुमच्याबद्दल अभिप्राय देतात. गटाला नको असेल तर छात्रशिक्षक बदलला जातो, कारण न विचारता. एकदा तर एका गटाने आम्हाला अख्खं सत्र "या वेळी नको, तालमी आहेत" म्हणून परत पाठवलं. आमची धावपळ झाली, पण बरोबरच होतं त्यांचं.

वर्गात गेल्यावर यातलं काय उपयोगी पडतं?

दिसायला किरकोळ गोष्टी. फळ्यावर लिहिलेलं वाचून दाखवणं. फळ्याकडे तोंड करून न बोलणं, कारण ओठ पाहणाऱ्याला तुमची पाठ वाचता येत नाही. सूचना एकेक देणं आणि कोपऱ्यात लिहून ठेवणं. उत्तर तोंडी, लेखी, चित्रातून किंवा करून दाखवून देण्याची मुभा ठेवणं. तास सुरू होतानाच आज काय काय होणार ते सांगणं. स्वमग्न मुलाला याने मोठा दिलासा मिळतो, आणि खरं सांगायचं तर सगळ्यांनाच. व्हीलचेअरसाठी पदपथाला केलेला उतार बाबागाडीवाल्याला, हातगाडीवाल्याला, गुडघे धरलेल्या आजोबांना चालतो, तसंच हे. अमेरिकेत १९८४ मध्ये सुरू झालेल्या कास्ट या संस्थेने याच धर्तीवर अध्ययनासाठी सार्वत्रिक रचनेची मांडणी केली: पाठ आखतानाच वेगवेगळ्या वाटा ठेवायच्या, नंतर एकट्या मुलासाठी ठिगळ लावत बसायचं नाही.

एक फरक मात्र पक्का करून घ्या. संयुक्त राष्ट्रांचा अपंग व्यक्तींच्या हक्कांचा करार २००६ चा. त्यातलं २४ वं कलम शिक्षणाचं. त्यावर २०१६ मध्ये आलेल्या भाष्यात चार गोष्टी वेगळ्या केल्या आहेत: वगळणं, वेगळं ठेवणं, एकात्मीकरण आणि समावेशन. एकात्मीकरणात मूल वर्गात येतं आणि वर्ग होता तसाच राहतो. जुळवून घ्यायचं ते मुलाने. मागच्या बाकावर मदतनिसाबरोबर वेगळीच वही रंगवत बसलेलं मूल तुम्ही सराव शाळेत पाहिलं असेल. पटावर ते "समाविष्ट" असतं. गटात तुम्ही काही दिवस उलट्या बाजूला बसता. सांकेतिक भाषेत गप्पा रंगलेल्या असतात आणि कळत नाही ते फक्त तुम्हाला. कुणीतरी तुमच्यासाठी वेग कमी करतं, किंवा करत नाही. दोन्ही लक्षात ठेवा.

मी स्वतः अपंग आहे. मलाही हे तास करावे लागतील?

हो, आणि नमुना म्हणून तुम्हाला कुणी उभं केलं तर नकार द्यायचा हक्क आहे. तुमच्या अनुभवाचं काय सांगायचं, किती, कुणाला, हे तुमचं तुम्ही ठरवा. वेगळ्या प्रकारचं अपंगत्व असलेल्या गटात जा. व्हीलचेअर वापरणाऱ्यालाही कर्णबधिरांचं जग परकंच असतं. वर सांगितलेल्या कराराचं २४ वं कलम अपंग शिक्षक नेमावेत असंही सांगतं, हे मुलाखतीला जाताना माहीत असू द्या.

ऑस्ट्रेलियन पत्रकार आणि विनोदी कलाकार स्टेला यंग व्हीलचेअर वापरत. २०१४ च्या एका भाषणात त्यांनी शिकवत असतानाचा किस्सा सांगितला. कायद्याचा तास सुरू होऊन वीस मिनिटं झाली होती. एका मुलाने हात वर करून विचारलं, "मिस, तुमचं भाषण कधी सुरू होणार?" व्हीलचेअरवरचं माणूस शाळेत येतं ते प्रेरणादायी बोलायला, एवढंच त्याने पाहिलं होतं. शिकवायलाही येऊ शकतं हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. तुम्ही नुसता भूमितीचा तास चांगला घेतलात तरी वर्गातल्या चाळीस मुलांचं पुष्कळ शिकून होतं.

गुण कशावर?

रोजनिशीवर, गटाच्या अभिप्रायावर आणि एका बदललेल्या पाठ टाचणावर: आधीचं आणि नंतरचं, शेजारी शेजारी. संवेदनशीलतेला गुण नाहीत. ते ठेवले की अश्रू वाढतात.

एका सत्राने खरंच काही बदलतं का?

कुणाकुणाचं. काही जण तास भरून निघून जातात. काही जण वर्गात पहिलं मूल येईपर्यंत विसरतात आणि मग फोन करतात. नव्या नोकरीत साठ मुलांचा वर्ग आणि अभ्यासक्रम संपवण्याची घाई समोर आली की चांगल्या सवयी झिजतात, हे मी पाहिलं आहे. टिकतात त्या बहुधा ज्यांची गटातल्या कुणाशी तरी साधी ओळख टिकलेली असते, त्यांच्या.

शेवटचा दिवस कसा करायचा?

तो कधी आहे ते पहिल्याच दिवशी सांगून ठेवा. काही जणांसाठी अचानक बंद होणारं येणं-जाणं फार त्रासाचं असतं. भाषणं नकोत, मानचिन्हं नकोत. हातातलं काम पुरं करा. पुढच्या तुकडीसाठी एक कागद लिहा: चाव्या कुणाकडे असतात, कोणता दिवा लुकलुकतो म्हणून लावायचा नाही, कुणाला टाळीचा आवाज चालत नाही. नाटकाच्या गटात असाल तर अक्षरफळीही एकदा पाहून घ्या. प्लॅस्टिकचं आवरण कडेला सुटतं ते चिकटवा. आणि 'थ' फार वापरला जातो, पुसट होतो. तो पुन्हा गिरवून ठेवा.